चाळीतले मुलांचे घर : डॉ. मारिया माँटेसरी

'माँटेसरी' ही पाटी आज महाराष्ट्रात तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे. पाटीवर बहुधा फुगे घेतलेली मुले रंगविलेली असतात, आणि आत प्रवेश मागावयाचा तर आधी पालकाच्या खिशाचा अंदाज घेतला जातो. हे नाव एका स्त्रीचे आहे, ती वैद्यकशास्त्राची पदवीधर होती, तिचे पहिले विद्यार्थी वेड्यांच्या इस्पितळातून आणलेली मुले होती आणि तिचे पहिले बालगृह रोममधील मजुरांच्या चाळीत भरले होते, एवढा इतिहास मात्र पाटीबरोबर गावात आलेला नाही. आपल्या निवासी विद्यालयाच्या या स्मरणिकेत डॉ. मारिया माँटेसरी यांचे चरित्र सांगावे, असे आम्हांस वाटले ते यासाठीच. ज्यांच्यासाठी ही पद्धती जन्मली त्यांच्याच हातून ती निसटली आहे, आणि ती परत मागण्याचा पहिला अधिकार आपल्यासारख्यांचा आहे, अशी आमची धारणा आहे.

अलीकडे शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत 'स्टीम' हा शब्द वारंवार कानी पडतो. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, कला आणि गणित यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जुळवून तो तयार झाला आहे. हे पाच विषय वेगवेगळ्या तासांना वेगवेगळे न शिकविता मुलाच्या हातून एकत्र घडावेत, आणि ते बालवयापासून घडावेत, असा त्याचा आशय आहे. शब्द नवा असला तरी काम जुने आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात दशमान पद्धती आणि घनाकृती ठेवण्याचे धाडस माँटेसरीबाईंनी शंभर वर्षांपूर्वी केले, आणि ते त्यांना ज्या मुलांनी शिकविले ती मुले समाजाने टाकून दिलेली होती.

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोना शहराजवळच्या कियाराव्हाले या गावी झाला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी इटलीच्या सैन्याने रोम जिंकले आणि त्या देशाचे एकीकरण पूर्णत्वास गेले. वडील आलेस्सांद्रो हे अर्थखात्यातील सरकारी अधिकारी होते. राज्याच्या तंबाखू उद्योगाशी त्यांचे काम निगडित होते. आई रेनिल्दे ही त्या काळाच्या मानाने पुष्कळ वाचलेली स्त्री होती. वडिलांच्या बदल्यांमुळे कुटुंब प्रथम फ्लॉरेन्सला आणि १८७५ मध्ये रोमला आले.

मुलींनी शिकावयाचे ते शिक्षिका होण्यापुरते, अशी तेथील सभ्य समाजाची समजूत होती. मारियांनी वयाच्या तेराव्या वर्षी, १८८३ साली, तांत्रिक विद्यालयात प्रवेश घेतला. तेथे गणित आणि विज्ञान हे मुख्य विषय होते आणि वर्गात बहुतेक सर्व मुलगे होते. पुढे तांत्रिक संस्थेत त्या १८९० पर्यंत शिकल्या. त्यांना तेव्हा अभियंता व्हावयाचे होते. शिक्षण संपता संपता त्यांचा विचार बदलला आणि त्यांनी वैद्यकाची वाट धरली. आधी रोम विद्यापीठात निसर्गविज्ञानाचा अभ्यास, नंतर वैद्यकाच्या वर्गात प्रवेश, असे टप्पे पार करीत त्या जुलै १८९६ मध्ये डॉक्टर झाल्या. इटलीतील पहिल्या काही महिला डॉक्टरांत त्यांची गणना होते.

या वाटेवर त्यांनी काय सोसले, याची एक खूण पुरेशी आहे. पुरुष विद्यार्थ्यांच्या समवेत स्त्रीने विवस्त्र शवाचे विच्छेदन करणे अनुचित मानले जाई. म्हणून वर्ग संपल्यावर, सायंकाळी, त्या एकट्याच शवागारात बसून विच्छेदन करीत. ज्ञानाच्या दारात वेगळी वेळ आणि वेगळी जागा नेमून दिली जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्याकडे वर्गाबाहेर गोणपाटावर बसलेल्या विद्यार्थ्याने पुढे देशाची राज्यघटना घडविली. दोन्ही अपमानांची जात वेगळी होती, त्यांची तीव्रताही सारखी नव्हती; परंतु ज्ञानावर पहारा बसविणाऱ्यांची रीत जगभर ओळखीची आहे. पदवी मिळाली त्याच वर्षी बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेत मारिया इटलीच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या आणि तेथे त्यांनी कष्टकरी स्त्रियांना पुरुषांइतके वेतन मिळावे, हा विषय मांडला.

डॉक्टर म्हणून रोम विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करताना त्यांना शहरातील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. तेथे मंदबुद्धी ठरविलेली मुले प्रौढ मनोरुग्णांबरोबरच ठेवलेली असत. चरित्रकारांनी एक हकीकत नोंदविली आहे. एका इस्पितळातील मुले जेवण झाल्यावर जमिनीवर पडलेले पावाचे कण चिवडीत असत आणि तेथील परिचारिका त्यांच्या हावरेपणाचा तिरस्कार करीत असे. मारियांनी त्या खोलीकडे नीट पाहिले. तेथे हातात घेण्यासारखी एकही वस्तू नव्हती. मुले खाण्यासाठी नव्हे, तर बोटांना काही काम हवे म्हणून ते कण गोळा करीत होती. दोष मुलांच्या बुद्धीत शोधण्याआधी त्या रिकाम्या खोलीत शोधला पाहिजे, हे त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचे बीज आहे.

या मुलांविषयी कोणी काही लिहिले आहे काय, याचा शोध घेताना त्यांना दोन फ्रेंच डॉक्टर सापडले. पहिले झाँ इतार. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत काम करताना त्यांनी आव्हेराँच्या रानात सापडलेल्या व्हिक्टर नावाच्या मुलाला शिकविण्याचा प्रयत्न केला होता. दुसरे त्यांचे शिष्य एदुआर सेगाँ. मंदबुद्धी मुलांना स्पर्श, दृष्टी आणि हालचाल यांच्या मार्गाने शिकविता येते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखविले आणि १८४६ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. मारियांनी या दोघांचे लेखन इटालियन भाषेत स्वतःच्या हाताने उतरवून काढले. घाईने वाचून अर्थ निसटू नये म्हणून शब्द न् शब्द लिहिण्याची ही शिस्त त्यांनी पत्करली. पुढे जगभर त्यांच्या नावाने ओळखला गेलेला तीन पायऱ्यांचा पाठ मूळचा सेगाँचा आहे. प्रथम वस्तू दाखवून तिचे नाव सांगावयाचे, मग नाव घेऊन वस्तू मागावयाची, आणि अखेरीस वस्तू दाखवून नाव विचारावयाचे. दुसऱ्या पायरीवर मूल अडखळले तर त्याला चूक न म्हणता त्या दिवशी पाठ थांबवावयाचा आणि पुन्हा केव्हातरी पहिल्या पायरीपासून आरंभ करावयाचा. एवढी एक गोष्ट आपल्या बालवर्गांनी पाळली तरी अनेक मुलांच्या पाठीवरचे वळ वाचतील.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांना तयार करणारी संस्था सुरू झाली. डॉ. जुझेप्पे मॉन्तेसानो यांच्यासह मारिया तिच्या संचालक झाल्या. दिवसभर त्या स्वतः मुलांना शिकवीत आणि रात्री नोंदी लिहून नव्या साधनांची आखणी करीत. सुमारे दोन वर्षांत त्यांच्यापैकी काही मुले लिहिण्यावाचण्याच्या परीक्षेत सर्वसामान्य शाळांतील मुलांबरोबर बसली आणि उत्तीर्ण झाली. वृत्तपत्रांनी चमत्कार म्हणून कौतुक केले. मारियांना मात्र वेगळाच प्रश्न पडला. इस्पितळातली ही मुले जर निरोगी मुलांच्या बरोबरीला येऊ शकतात, तर निरोगी मुलांना त्यांच्या शाळांनी इतके खाली कसे दाबून ठेवले आहे?

आमच्या मते शिक्षणाच्या इतिहासातील हा एक फार मोठा प्रश्न आहे. तोपर्यंत विशेष गरजा असलेल्या मुलाकडे सर्वसामान्य मुलाचे अपुरे रूप म्हणून पाहिले जाई. येथे क्रम उलटला. ज्याला शिकणे सर्वांत अवघड जाते त्याच्यासाठी शोधलेली वाट सर्वांसाठी अधिक चांगली ठरली.

हा प्रश्न घेऊन मारियांनी संस्था सोडली, पुन्हा विद्यापीठात नाव घातले आणि तत्त्वज्ञान व मानवशास्त्र यांचा अभ्यास केला. संधी आली ती अनपेक्षित दिशेने. रोमच्या सान लोरेंझो भागात घरबांधणीची लाट ओसरल्यावर अर्धवट राहिलेल्या इमारतींत अत्यंत गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. एका संस्थेने त्या इमारती घेऊन दुरुस्त केल्या आणि मजुरांना भाड्याने दिल्या. आईबाप कामावर गेले की शाळेत जाण्याच्या वयाची न झालेली मुले जिन्यांत हुंदडत आणि नव्याने रंगविलेल्या भिंती खराब करीत. भिंती वाचाव्यात म्हणून मालकांनी मुले एका खोलीत सांभाळण्याचे ठरविले आणि देखरेखीसाठी डॉ. माँटेसरी यांना बोलाविले. अशा रीतीने ६ जानेवारी १९०७ रोजी व्हिया देई मार्सी या रस्त्यावर 'कासा देई बांबिनी', म्हणजे मुलांचे घर, उघडले. मुले पन्नासाहून अधिक होती आणि वय साधारण तीन ते सहा वर्षांचे.

या घराचे नियम आपल्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांना परिचयाचे वाटतील. शिक्षिकेने त्याच इमारतीत राहावयाचे होते. पालकांनी मुलांना स्वच्छ करून पाठवावे आणि आठवड्यातून एकदा येऊन मुलाविषयी शिक्षिकेशी बोलावे, असा दंडक होता. शुल्क नव्हते. शाळा वस्तीच्या बाहेर उंचावर नव्हती. ती वस्तीच्या पोटात होती आणि आई कामावरून येता-जाता आत डोकावू शकत असे.

तेथे घडलेली एक साधी गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. एके दिवशी माँटेसरीबाईंनी मुलांना नाक कसे शिंकरावे, हातरुमाल कसा धरावा, आवाज कमीत कमी कसा करावा, हे शांतपणे करून दाखविले. पाठ संपताच मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या चकित झाल्या. मग त्यांच्या ध्यानी आले की, शेंबडे नाक म्हणून या मुलांना प्रत्येकाने हिणविले होते, परंतु ते स्वच्छ कसे करावे हे माणूस समजून कोणी शिकविले नव्हते. अस्वच्छ म्हणून शतकानुशतके दूर ठेवलेल्या आणि पाणवठ्यावर मात्र येऊ न दिलेल्या समाजाला या टाळ्यांचा अर्थ कळावयास वेळ लागत नाही.

आता त्यांच्या साधनांकडे वळू, कारण 'स्टीम'चा गाभा तेथे आहे. गुलाबी मनोऱ्यात दहा लाकडी घन असतात. सर्वांत लहान घनाची बाजू एक सेंटिमीटर आणि सर्वांत मोठ्याची दहा. मूल ते उतरत्या क्रमाने रचते. मोठा घन लहानाच्या हजारपट आकारमानाचा आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. ते त्याच्या दोन्ही हातांना वजनाने कळते. संख्यापट्ट्या दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत असतात, म्हणजे पाच ही खूण नसून हाताने मोजता येणारी लांबी होते. सोनेरी मण्यांच्या साधनात एक सुटा मणी म्हणजे एकक, दहा मण्यांची तार म्हणजे दशक, दहा तारांचा चौरस म्हणजे शतक आणि दहा चौरसांचा घन म्हणजे सहस्र. आठ ठोकळ्यांचा एक डबा असतो. चार-पाच वर्षांचे मूल रंग जुळवून त्याचा घन करते. तोच डबा पुढे बीजगणितात दोन पदांच्या बेरजेचा घन म्हणून पुन्हा भेटतो.

लाकडी ठोकळ्यातील दहा खाचांत दहा दट्टे बसवावयाचे असतात. एक चुकला की शेवटचा उरतो आणि बसत नाही. चूक दाखविण्यासाठी शिक्षिकेचे बोट उठत नाही, साधनच ती दाखविते, आणि मूल स्वतः दुरुस्त करते. तीन वर्षांच्या एका मुलीने हे काम चाळीसहून अधिक वेळा केले आणि भोवती इतर मुले गात असतानाही तिचे लक्ष ढळले नाही, अशी नोंद माँटेसरीबाईंनी करून ठेवली आहे. प्रयोग, निरीक्षण, चूक आणि पुनःप्रयोग हा विज्ञानाचा क्रम तिने असा आत्मसात केला. कोणी सांगितले म्हणून न मानता स्वतःच्या अनुभवावर पारखून घ्यावे, ही तथागतांची शिकवण आपण मुलांना वंदनेनंतर सांगतो. ती हातांना सांगण्याचे साधन येथे आहे.

अक्षरांच्या बाबतीत तेच. काचकागदाची अक्षरे गुळगुळीत पाटीवर चिकटविलेली असत. मूल लिहिण्याच्या दिशेने त्यांवरून बोट फिरवी आणि त्याच वेळी उच्चार ऐके. डोळा, कान आणि बोट एकत्र काम करीत. सुट्या अक्षरांनी शब्द जुळविता जुळविता सान लोरेंझोतील चार-पाच वर्षांची मुले अचानक लिहू लागली, आणि त्यांचे आईबाप बहुधा निरक्षर होते.

विशेष गरजा असलेल्या मुलांना या रचनेचा लाभ का होतो, याची कारणे साधनांतच आहेत. प्रत्येक साधनात एकच गुण वेगळा काढलेला असतो. मनोऱ्याचे सर्व घन एकाच रंगाचे असतात, म्हणून लक्ष केवळ आकारमानावर राहते. एकाच कपाटासमोर तीन वेगवेगळ्या वर्षांची मुले बसतात, त्यामुळे कोण मागे पडला हे जाहीर होत नाही. ज्याला ऐकू कमी येते त्याला सूचना कानाने घ्यावी लागत नाही, कारण शिक्षिका कमीत कमी बोलते आणि करून दाखविते. ज्याला दिसत नाही त्याची बोटे आकार ओळखतात. डोळसांनाही डोळ्यांवर पट्टी बांधून हे काम करावयास लावले जाते. ज्याला वेळ लागतो त्याला वेळ मिळतो.

या पद्धतीत उणिवा नव्हत्या असे नाही. अमेरिकेतील शिक्षणशास्त्रज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्येच या साधनांच्या मर्यादांवर बोट ठेवले होते. आमच्याही मते 'स्टीम'मधील कला हे येथील दुर्बळ अंग आहे. सुरांच्या घंटा, रंगांच्या छटा आणि भौमितिक चौकटींचे रेखाटन यांतून हात व इंद्रिये तयार होतात, पण मुलाची कल्पना मोकळी सुटण्यास जागा कमी राहते. आपल्याकडची भीमगीते, ढोलकी आणि मातीकाम यांनी ही जागा भरता येईल.

१९०९ मध्ये त्यांचा पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९१२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. कीर्ती वेगाने पसरली. डिसेंबर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांचे व्याख्यान झाले तेव्हा तत्त्वज्ञ जॉन ड्यूई तेथे उपस्थित राहून सभेचे सूत्रसंचालन करीत होते. त्याच हिवाळ्यात, त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर नावाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी शिकत होता, आणि ड्यूई हे पुढे त्याच्या आवडत्या गुरूंपैकी एक ठरले. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही योगायोगाला पुरावा मानीत नाही. परंतु अनुभवातून शिकणे आणि लोकशाही यांचा संबंध त्या काळी त्या शहरात किती गंभीरपणे चर्चिला जात होता, हे यावरून दिसते. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग भरविण्यात आला आणि हजारो लोकांनी बाहेर उभे राहून मुले शिकताना पाहिली.

व्यक्तीची पूजा करू नये, तिचे कार्य तपासावे, हा संस्कार बाबासाहेबांनी आपल्यावर केला आहे. म्हणून दोन गोष्टी झाकून ठेवणे योग्य नव्हे. पहिली त्यांच्या मुलाची. १८९८ मध्ये मारियांना डॉ. मॉन्तेसानो यांच्यापासून मारिओ नावाचा मुलगा झाला. विवाह झालेला नव्हता, आणि मूल जाहीर केले असते तर त्या काळी त्यांचे कार्य संपले असते. मूल खेड्यात एका कुटुंबाकडे वाढले आणि साधारण पंधरा वर्षांचे झाल्यावर आईकडे आले. जगातील मुलांसाठी झटणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या मुलाला मूल म्हणता आले नाही. तिला दोष देण्यापूर्वी अविवाहित मातेला जगू न देणाऱ्या समाजाला दोष दिला पाहिजे; मॉन्तेसानो यांची नोकरी आणि प्रतिष्ठा मात्र अबाधित राहिली. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. १९२४ पासून जवळपास दहा वर्षे त्यांनी मुसोलिनीच्या हुकूमशाहीचे साहाय्य स्वीकारले. शाळा वाढतील, अशी त्यांची आशा होती. परंतु आज्ञा पाळणारे सैनिक हवे असलेली राजवट आणि स्वतः निवड करणारे मूल यांचा मेळ बसणे शक्यच नव्हते. १९३४ च्या सुमारास संबंध तुटले आणि इटलीतील त्यांच्या शाळा बंद झाल्या. जर्मनीत नाझींनीही तेच केले. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धामुळे बार्सिलोना सोडून त्यांनी हॉलंडचा आश्रय घेतला.

तेथून १९३९ च्या अखेरीस त्या भारतात आल्या. मद्रासजवळच्या अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीने त्यांना प्रशिक्षणवर्गासाठी बोलाविले होते आणि सुमारे तीनशे शिक्षक जमले होते. त्या वेळी माँटेसरीबाईंचे वय ६९ वर्षांचे होते. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. त्यांना सोसायटीच्या आवारातच राहण्याचे बंधन पडले आणि मारिओ यांना आपल्या महाराष्ट्रातील अहमदनगर येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी आईच्या सत्तराव्या वाढदिवशी त्यांची सुटका झाली. व्हाइसरॉयच्या तारेत मारिओंचा उल्लेख पुत्र म्हणून होता. जे नाते समाजाच्या भीतीने चार दशके लपविले, ते परक्या देशात, कैदेच्या काळात उघड झाले.

पुढील काही वर्षे त्या कोडाईकनाल येथे राहिल्या. तेथील डोंगर, झाडे, कीटक आणि दगड हेच वर्ग झाले. सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी विश्वाच्या उत्पत्तीपासून माणसाच्या भाषेपर्यंत सर्व विषय एका सूत्रात शिकविण्याची जी योजना त्यांनी आणि मारिओ यांनी विकसित केली, तिची मोठी जडणघडण येथे झाली. भारतातील त्यांच्या वास्तव्यात एक हजारांहून अधिक शिक्षकांनी प्रशिक्षण घेतले. १९४६ मध्ये त्या युरोपला परतल्या, पुन्हा भारतात आल्या, आणि अखेर ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डविक येथे त्यांचे निधन झाले. शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव तीनदा सुचविले गेले होते. ते त्यांना मिळाले नाही. १९९० मध्ये इटलीने एक हजार लिरांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

भारतात त्यांना निमंत्रण देणारे बहुतेक सुखवस्तू आणि उच्चवर्णीय होते. महागडी साधने, बंगल्यातील वर्ग आणि इंग्रजी भाषा यांच्या संगतीत चाळीतली शाळा आमच्यापासून दूर गेली. माँटेसरी या नावावर कोणाचा एकाधिकार नाही. कोणीही पाटी लावू शकतो. या प्रवाहाला उलटे वळण देणारे काम महाराष्ट्रातच झाले, हे नमूद केले पाहिजे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह काम केल्यावर १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उभारले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली आणि अंगणवाडीची कल्पना रुजविली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शंखशिंपले, बिया, पाने आणि गारगोट्या हीच साधने झाली. लाकडी मनोऱ्यावाचूनही माँटेसरीबाईंचे तत्त्व जगते, याचा हा पुरावा आहे.

आता आपल्याविषयी. आपल्या विद्यालयात येणारी अनेक मुले घरातील पहिल्या अक्षराची मुले आहेत. त्यांतील काही उशिरा बोलतात, काही फळ्यावरचे पाहू शकत नाहीत, काहींना अक्षरे उलटी दिसतात, काहींना एका जागी बसवत नाही. अशा मुलाला वस्तीत 'ढ' म्हणतात, आणि घरात क्वचित पूर्वजन्मीच्या पापाची कुजबुज होते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने माणसाचे आजचे दैन्य ठरते ही समजूत नाकारली आहे. जन्मावरून माणसाची पात्रता ठरविणारी व्यवस्था आपण नाकारली असेल, तर जन्मतः मंद म्हणून एखाद्या मुलाला मागच्या बाकावर बसविणारी व्यवस्था आपल्या शाळेत चालता कामा नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली आहे, आणि ठरावीक प्रमाणाहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. परंतु सहाव्या वर्षापूर्वीची तीन वर्षे पालकांच्या आणि समाजाच्या हाती राहतात, आणि माँटेसरीबाईंचे काम नेमके त्याच तीन वर्षांचे आहे.

यासाठी मोठा निधी लागत नाही. दहा बांबूच्या कांड्या दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत कापल्या की संख्यापट्ट्या होतात. भोक पाडलेले दहा चिंचोके तारेत ओवले की दशक होते, आणि अशा शंभर तारांत मुलाला हजार ही संख्या हाताने उचलता येते. सुताराकडील पॉलिश पेपर कापून मूळाक्षरे करता येतात. काना, मात्रा, वेलांटी आणि उकार वेगळे कापले तर देवनागरीची रचना मुलाच्या बोटांना उमगते. वसतिगृहातील मोठ्या विद्यार्थ्यांनी धाकट्यांसाठी ही साधने बनविली तर ते मोजमाप, कापणी आणि जोडणी शिकतील, आणि त्यालाच आज अभियांत्रिकी म्हणतात.

आमच्या माजी विद्यार्थ्यांत आज अभियंते आहेत, परिचारिका आहेत, सुतार आणि शिवणकाम करणाऱ्या भगिनीही आहेत. सुवर्णपदके आणि कमानी यांसाठी देणगी देणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहोत. यंदा मात्र आमची विनंती लहान आहे. बालवर्गाच्या खोलीत एक कपाट हवे आहे, दार नसलेले आणि तीन वर्षांच्या मुलाचा हात वरच्या फळीला पोहोचेल एवढ्याच उंचीचे. त्यात ठेवावयाच्या वस्तू आपण सारे मिळून करू. आणि प्रवेशाच्या दिवशी जे मूल बोलत नाही म्हणून आई मागे लपवून ठेवते, त्याला त्या कपाटासमोर सर्वांत आधी बसवू.

नमो बुद्धाय. जयभीम.